कीर्तीच्या आधीचा आवाज

जुन्या स्पूल आणि कॅसेटी दुरुस्त करायच्या, त्यांतला आवाज संगणकावर उतरवायचा आणि मूळ फीत नीट बांधून ज्याची त्याला परत द्यायची, हे माझं पुण्यातलं काम. येणाऱ्या बहुतेक टेपा गाण्याच्या खाजगी बैठकींच्या असतात. काही कीर्तनांच्या, काही नाटकाच्या तालमींच्या, काही नुसत्या घरातल्या बोलण्याच्या. टेप हातात देताना माणसं हमखास विचारतात, "यात ऐकण्यासारखं काही असेल का हो? की टाकून देऊ?" त्यांना मी बीटल्सच्या जुन्या टेपांची हकीकत सांगते. जगातल्या सर्वांत गाजलेल्या रॉक बँडचे अगदी सुरुवातीचे आवाज एकाही रेकॉर्ड कंपनीने जपलेले नाहीत. ते जपले चर्चच्या कार्यक्रमाला टेपरेकॉर्डर घेऊन गेलेल्या एका तरुणाने, पियानो वाजवणाऱ्या एका वर्गमित्राने, एका पंधरा वर्षांच्या विद्यार्थ्याने आणि पोटमाळ्यावरची अडगळ जागची न हलवणाऱ्या एका कुटुंबाने.

जॉन लेनन, पॉल मॅकार्टनी, जॉर्ज हॅरिसन आणि रिंगो स्टार ही लिव्हरपूल या इंग्लंडमधल्या बंदराच्या शहरातली चार मुलं. 'लव्ह मी डू' ही त्यांची पहिली रेकॉर्ड ऑक्टोबर १९६२ मध्ये निघाली आणि १९७० मध्ये बँड फुटला. या आठ वर्षांतलं त्यांचं स्टुडिओतलं काम नीट नोंदी करून, तारखा घालून ठेवलेलं आहे. फसलेले प्रयत्नसुद्धा त्यात पुष्कळ सापडतात. पण त्याच्या आधीची पाच वर्षं, म्हणजे ही मुलं शिकत होती तो काळ, कंपनीच्या कपाटात नाही. तेव्हा त्यांना कोणी ओळखतच नव्हतं. त्या पाच वर्षांचं जे काही आज कानावर पडतं, त्यातलं बहुतेक घरगुती यंत्रांवर आणि छोट्या घरगुती स्टुडिओत मुद्रित झालेलं आहे.

चर्चच्या सभागृहातली दोन गाणी

६ जुलै १९५७, शनिवार. लिव्हरपूलच्या वुल्टन भागातल्या सेंट पीटर्स चर्चची वार्षिक जत्रा. दुपारी चर्चमागच्या मैदानात आणि रात्री समोरच्या सभागृहात 'क्वॉरीमेन' नावाच्या शाळकरी मुलांच्या टोळक्याने गाणी म्हटली. त्यांचा म्होरक्या सोळा वर्षांचा जॉन लेनन. त्या वर्षांत इंग्लंडमध्ये स्किफलची साथ होती. चहाच्या रिकाम्या खोक्याला दांडा आणि दोरी लावून केलेला बेस, कपडे घासायची खाचांची पाटी आणि एक-दोन स्वस्तातल्या गिटारी एवढ्यावर बँड उभा राहायचा. रात्रीच्या कार्यक्रमाआधी सभागृहात एका मित्राने जॉनची एका पंधरा वर्षांच्या मुलाशी ओळख करून दिली. त्या मुलाने गिटार घेऊन एडी कॉक्रनचं गाणं शब्द न चुकता म्हणून दाखवलं. तो पॉल मॅकार्टनी. जॉन आणि पॉल यांची ही पहिली भेट.

त्या रात्री सभागृहात बॉब मॉलिन्यू नावाचा एक तरुण होता. पुढे तो पोलीस झाला. त्याच्याकडे ग्रुंडिग या जर्मन कंपनीचा उचलून नेता येण्याजोगा टेपरेकॉर्डर होता. हातात मायक्रोफोन धरून त्याने क्वॉरीमेनची दोन गाणी टेप केली. एक तेव्हा लॉनी डोनेगनमुळे लोकांच्या तोंडी असलेलं 'पुटिंग ऑन द स्टाइल' आणि दुसरं एल्विस प्रेस्लीचं 'बेबी लेट्स प्ले हाउस'. सभागृहाचा घुमारा, माणसांची गडबड आणि त्यातून वर येणारा कोवळा, थोडा नाकातला आवाज.

टेप तेव्हा महाग असे. एक कार्यक्रम टेप करायचा, चार वेळा ऐकायचा आणि त्याच फितीवर दुसरं काही घ्यायचं, ही सगळ्या जगाची रीत होती. मॉलिन्यूने ही फीत पुसली नाही. ती तशीच राहिली आणि सप्टेंबर १९९४ मध्ये लंडनला सदबीजच्या लिलावात आली. ईएमआय कंपनीने ती ७८,५०० पौंडांना विकत घेतली. पुढच्याच वर्षी बीटल्सच्या जुन्या, अप्रकाशित मुद्रणांचा पहिला संच 'अँथॉलजी १' निघाला, तरी ही गाणी त्यात घेतली नाहीत. आवाजाचा दर्जा फारच खालचा होता. जॉनला जो दिवस पॉलशी जोडून गेला, त्याच दिवसाचा जॉनचा आवाज आपल्याकडे आहे, हे या फितीचं मोल. गाण्याच्या इतिहासात अशी योग्य वेळी हजर असलेली यंत्रं फार थोडी.

आठवडा आठवडा फिरलेली तबकडी

दुसरा आवाज १९५८ च्या उन्हाळ्यातला. लिव्हरपूलच्या केन्सिंग्टन रस्त्यावर ३८ क्रमांकाच्या घरात पर्सी फिलिप्स नावाचे गृहस्थ राहत. त्यांचं विजेच्या सामानाचं दुकान होतं आणि घरातल्याच एका खोलीत त्यांनी छोटा स्टुडिओ थाटला होता. पैसे मोजले की कोणीही जाऊन आपला आवाज तबकडीवर कोरून घेऊ शके. जॉन, पॉल, त्यांच्यात नव्याने आलेला जॉर्ज हॅरिसन, पियानोवर जॉन 'डफ' लो आणि ड्रमवर कॉलिन हँटन असे पाच जण तिथे गेले. एका बाजूला बडी हॉलीचं 'दॅट्ल बी द डे' आणि दुसऱ्या बाजूला त्यांचं स्वतःचं गाणं 'इन स्पाइट ऑफ ऑल द डेंजर'. या गाण्यावर मॅकार्टनी आणि हॅरिसन अशी दोघांची नावं लागतात. अशी जोडी नंतर त्यांच्या कुठल्याही गाण्यावर दिसत नाही.

ही तबकडी कारखान्यात छापलेल्या रेकॉर्डसारखी नव्हती. ॲल्युमिनियमच्या पातळ चकतीवर लाखेसारखा मऊ थर असतो आणि यंत्राची सुई त्यावर थेट खाच पाडत जाते. साचा निघत नाही, त्यामुळे प्रत एकच. थर इतका मऊ की प्रत्येक वेळी वाजवताना थोडा आवाज झिजतो आणि वर्षांनुवर्षांत थर आक्रसून तडकतो. पाच मुलांत एकच तबकडी, म्हणून ठरलं की प्रत्येकाने ती आठवडाभर ठेवायची. ती फिरत फिरत डफ लोकडे आली आणि पुढची तेवीस वर्षं तिथेच राहिली. लो बँडमधून बाहेर पडला, नोकरीला लागला, संसारात रमला. तबकडी घरात होती.

डिसेंबर १९८० मध्ये न्यूयॉर्कमध्ये जॉन लेननची हत्या झाली आणि बीटल्सच्या जुन्या वस्तूंची किंमत एकदम वाढली. १९८१ मध्ये लोने तबकडी विकायला काढली, तेव्हा लिलाव होण्याआधीच पॉल मॅकार्टनीने ती त्याच्याकडून विकत घेतली. ध्वनितज्ज्ञांकडून आवाज शक्य तेवढा सुधारून त्याने सुमारे ५० प्रती काढल्या आणि मित्रांना, आप्तांना भेट दिल्या. सगळ्या जगाने ही दोन गाणी ऐकली ती १९९५ मध्ये, 'अँथॉलजी १'वर.

माझ्या धंद्यातल्या माणसाला ही तबकडी ऐकताना अंगावर काटा येतो. मायक्रोफोन एकच आहे. कोण किती लांब उभं आहे ते आवाजावरून कळतं. ड्रम दबलेले आहेत. पण जॉनचा आवाज गाण्यावर पकड घेऊन उभा आहे आणि मागे जॉर्जची गिटार जपून, एकेक सूर मोजून चालली आहे. जॉर्ज तेव्हा पंधरा वर्षांचा होता.

फॉर्थलिन रोडवरचं घर

यानंतर आपण पोचतो १९६० मध्ये, पॉलच्या घरी. २०, फॉर्थलिन रोड हे लिव्हरपूलच्या ॲलर्टन भागातलं पालिकेने बांधलेलं साधं भाड्याचं घर. पॉलची आई मेरी १९५६ मध्ये वारली होती. वडील जिम तरुणपणी जॅझ बँडमध्ये वाजवत असत आणि घरात पियानो होता. वडील कामावर गेले की घर मुलांना मोकळं. तिथे उसन्या आणलेल्या टेपरेकॉर्डरवर जॉन, पॉल, जॉर्ज आणि बेसवर नवखा स्टुअर्ट सटक्लिफ यांनी तासन्तास वाजवलं.

त्यांतल्या काही टेपा वाचल्या, आणि कशा वाचल्या ते पाहण्यासारखं आहे. एक जर्मनीत हॅम्बुर्गला ॲस्ट्रिड किर्शहेर या छायाचित्रकार मुलीकडे राहिली. स्टुअर्टचं तिच्याशी लग्न ठरलं होतं. दुसरी हॅम्बुर्गमधल्याच एका स्नेह्याकडे. तिसरी लिव्हरपूलमधल्या एका घराच्या पोटमाळ्यावर सापडली आणि १९९० च्या दशकात पॉलपर्यंत पोचली. 'अँथॉलजी १'वर यांतले तीन तुकडे घेतले आहेत: रे चार्ल्सचं 'हॅलेलूया, आय लव्ह हर सो', 'यू'ल बी माइन' हे जॉन-पॉलने गमतीत रचलेलं गाणं आणि 'कायेन' ही पॉलची वाद्यरचना.

हे संगीत चांगलं आहे का, असा प्रश्न श्रोते मला विचारतात. बैठकीत बसून दाद द्यावी असं ते नाही. ड्रम वाजवायला कोणी नाही, लय ढिली पडते, स्टुअर्टची बोटं सूर शोधत राहतात. स्टुअर्ट मुळात चित्रकार. एप्रिल १९६२ मध्ये, बँडची पहिली रेकॉर्ड निघण्याच्या सहा महिने आधी, मेंदूतल्या रक्तस्रावाने तो हॅम्बुर्गला गेला. वय एकवीस. बीटल्सबरोबरचं त्याचं वादन अधिकृतपणे ऐकायला मिळतं ते या तीन तुकड्यांतच. एका माणसाचा कलेतला सगळा ध्वनिरूप ठेवा घरगुती फितीवर उरला आहे.

याच टेपांवर दोन गाणी अशी आहेत की ती ऐकताना मी दर वेळी थांबते. एक 'आय'ल फॉलो द सन'. ते १९६० मध्ये घरी वाजवलं जात होतं आणि रेकॉर्डवर आलं डिसेंबर १९६४ मध्ये. दुसरं 'वन आफ्टर ९०९'. ते रेकॉर्डवर यायला १९७० उजाडलं. म्हणजे बँडच्या शेवटच्या तबकडीवरचं एक गाणं दहा वर्षं त्यांच्या डोक्यात होतं. प्रतिभा विजेसारखी एका क्षणात चमकते, असं आपण म्हणतो. या फिती ऐकल्या की कळतं, ती वर्षानुवर्षं घोटली जाते. सूर बदलतात, मधला तुकडा टाकला जातो, नवा जोडला जातो. कंपनीच्या तबकडीवर आपल्याला फक्त शेवटचं रूप मिळतं. घडणं ऐकायचं असेल तर घरगुती टेपच हवी.

ज्यांनी ऐकता ऐकता टेप केलं

डिसेंबर १९६२ मध्ये हॅम्बुर्गच्या स्टार क्लबमध्ये बँडचे शेवटचे कार्यक्रम चालू होते. क्लबचं रंगमंचाचं काम पाहणाऱ्या एड्रियन बार्बरने घरगुती ग्रुंडिग यंत्रावर, एका मायक्रोफोनने ते टेप केले. फिती लिव्हरपूलचा गायक टेड 'किंगसाइझ' टेलर याच्याकडे राहिल्या आणि १९७७ मध्ये त्यांच्या तबकड्या बाजारात आल्या. बीटल्सना हे मान्य नव्हतं. १९९८ मध्ये लंडनच्या न्यायालयात जॉर्ज हॅरिसनने स्वतः साक्ष दिली आणि निकाल बीटल्सच्या बाजूने लागला. जपणाऱ्याचे उपकार मोठे, पण फीत आपल्या कपाटात आहे म्हणून त्यावरचं गाणं आपलं होत नाही. ही गोष्ट आपल्याकडच्या बैठकींच्या टेपांनाही लागू आहे.

मग १९६३. ४ एप्रिलला बीटल्स बकिंगहॅमशरमधल्या स्टो या मुलांच्या निवासी शाळेत गायले. शाळेतल्याच एका विद्यार्थ्याने १०० पौंड ठरवून त्यांना बोलावलं होतं. जॉन ब्लूमफिल्ड या पंधरा वर्षांच्या मुलाने, टेपरेकॉर्डरची हौस होती म्हणून, तो सगळा कार्यक्रम टेप केला. तासाभराचं हे मुद्रण साठ वर्षं त्याच्याकडेच होतं. २०२३ मध्ये बीबीसीच्या कार्यक्रमातून ते लोकांना कळलं. इंग्लंडमधल्या त्यांच्या संपूर्ण कार्यक्रमाचं हे सर्वांत जुनं ज्ञात मुद्रण. त्या वर्षाच्या शेवटी शेवटी बीटल्सच्या कार्यक्रमांत मुलींच्या किंकाळ्यांपुढे गाणं ऐकू येईनासं झालं. स्टो शाळेत समोर बहुतेक मुलगेच होते. ते ऐकत होते, टाळ्या वाजवत होते, मधूनच फर्माईश करत होते. म्हणून तिथे बँड रंगमंचावर खरा कसा वाजे ते स्वच्छ कळतं.

बीबीसीच्या रेडिओवर १९६२ ते १९६५ या काळात बीटल्स ५२ कार्यक्रमांत गायले. गाण्यांची सादरीकरणं २७५ भरतात. पण तेव्हा बीबीसीतही टेप पुन्हा वापरली जाई, त्यामुळे मूळ फिती फार कमी उरल्या. पुढे 'लाइव्ह ॲट द बीबीसी' हे संच तयार करताना ज्या श्रोत्यांनी घरी रेडिओसमोर टेपरेकॉर्डर ठेवून कार्यक्रम उतरवून घेतले होते, त्यांच्या फितींची मदत झाली. एवढी मोठी संस्था आणि तिची राहिलेली जागा भरून काढली घरच्या श्रोत्यांनी.

आणि अगदी अलीकडची गोष्ट. १ जानेवारी १९६२ ला डेक्का कंपनीने बीटल्सची चाचणी घेतली, पंधरा गाणी मुद्रित केली आणि त्यांना नकार दिला. २०२५ मध्ये कॅनडातल्या व्हँकूवर शहरात रेकॉर्डचं दुकान चालवणाऱ्या रॉब फ्रिथ यांनी दुकानात बरीच वर्षं पडून असलेली एक फीत लावली. चोरट्या मुद्रणाची एखादी प्रत असेल असं ते धरून चालले होते. आवाज निघाला तो इतका स्वच्छ, की ही फीत मूळ मुद्रणाच्या अगदी जवळची असल्याचं त्यांच्या ध्यानात आलं.

फीत खरी कशी ठरते

अशी फीत हाती आली की खरी-खोटी कशी ठरवतात, हे लोकांना नेहमी जाणून घ्यायचं असतं. माझी पद्धत सांगते. जगभरातले ध्वनितंत्रज्ञ साधारण अशाच वाटेने जातात.

पहिलं, फीत लगेच वाजवायची नाही. आधी डोळ्यांनी बघायची. प्लॅस्टिकच्या पट्टीवर लोखंडाच्या ऑक्साइडची पूड चिकटवलेली असते. तिच्यातले चुंबकीय कण ज्या रीतीने लागलेले असतात, तोच आवाज. पट्टी उजेडासमोर धरली आणि आरपार दिसली, तर ती बहुधा ॲसिटेटची, म्हणजे पन्नाशी-साठीच्या दशकांतली. तिला व्हिनेगरसारखा आंबूस वास येत असेल तर ती सडायला लागली आहे. अपारदर्शक असेल तर नंतरची पॉलिएस्टरची. पेटीवर कंपनीचं नाव, हस्ताक्षर, किमतीची चिठ्ठी काय आहे याचे फोटो काढून ठेवायचे. फितीच्या जातीचं वय आणि तिच्यावरच्या कार्यक्रमाची तारीख जुळत नसेल तर शंका घ्यायची.

दुसरं, वेग. घरगुती यंत्रांवर फीत सेकंदाला साधारण १९ सेंटिमीटर, साडेनऊ किंवा पावणेपाच अशा वेगाने धावे. जुनी यंत्रं हळू-जलद व्हायची. मग खरा सूर कोणता? इथे विजेची गुणगुण कामाला येते. इंग्लंडमध्ये आणि आपल्याकडे वीज सेकंदाला ५० आवर्तनांची असते. ती बारीक घरघर नकळत टेपवर उतरते. संगणकावर ती ४८ वर दिसली तर फीत हळू चालली आहे. ती ५० वर आणली की गायकाचा मूळ सूर सापडतो. ज्या घरघरीला सगळे दोष म्हणतात, तीच आम्हाला वाट दाखवते.

तिसरं, हेड, म्हणजे फितीवर आवाज भरणारा आणि वाचणारा यंत्राचा भाग, जुळवणं. ज्या यंत्रावर मुद्रण झालं, त्याचं हेड जरा तिरकं असेल तर माझ्या यंत्राचं हेडही तेवढंच तिरकं करावं लागतं. मग दबलेले वरचे सूर उमलतात. सगळं मनासारखं झालं की सेकंदाला ९६ हजार नमुने आणि २४ बिट या दर्जात आवाज उतरवायचा. ही मूळ प्रत. हिच्यातली खरखर पुसायची नाही. सफाई करायची ती दुसऱ्या प्रतीवर, कारण आज आपल्याला जे पुसता येत नाही ते उद्याच्या यंत्राला येईल.

ऋषिकेश, एशर आणि एक कॅसेट

हे उद्याच्या यंत्राचं बोलणं हवेतलं नाही. १९७७ च्या सुमारास जॉन लेननने न्यूयॉर्कच्या आपल्या घरी पियानोवर बसून 'नाउ अँड देन' हे गाणं साध्या कॅसेटवर टेप केलं. १९९४ मध्ये जॉनच्या पत्नी योको ओनो यांनी ती कॅसेट पॉलकडे दिली. पॉल, जॉर्ज आणि रिंगो यांनी १९९५ मध्ये त्यावर काम सुरू केलं. पियानो आणि आवाज एकमेकांत मिसळलेले होते, घरघर मोठी होती. त्यांनी ते सोडून दिलं. पुढे दिग्दर्शक पीटर जॅक्सन यांच्या बीटल्सवरच्या माहितीपटासाठी, मिसळलेल्या आवाजातून एकेक आवाज वेगळा काढणारं तंत्र तयार झालं. त्याने जॉनचा आवाज पियानोपासून सुटा झाला. जॉर्ज २००१ मध्येच गेला होता, पण १९९५ मध्ये त्याने वाजवलेली गिटार टेपवर होती. नोव्हेंबर २०२३ मध्ये गाणं बाहेर आलं. त्या कॅसेटची साफसफाई करून मूळ फीत कोणी टाकून दिली असती, तर हे झालंच नसतं.

बीटल्सच्या घरगुती मुद्रणांचा एक धागा आपल्या देशातूनही जातो. जानेवारी १९६८ मध्ये जॉर्ज मुंबईत होता. एचएमव्हीच्या स्टुडिओत त्याने 'वंडरवॉल म्युझिक'साठी शिवकुमार शर्मा, हरिप्रसाद चौरसिया, आशिष खाँ अशा कलाकारांचं वादन मुद्रित केलं. बीटल्सच्या 'द इनर लाइट' या गाण्याचा वाद्यमेळही तिथलाच. त्यानंतर फेब्रुवारीत चौघे ऋषिकेशला गेले आणि तिथे त्यांना गाण्यांवर गाणी सुचत गेली. मे महिन्यात इंग्लंडला, एशर इथल्या जॉर्जच्या बंगल्यात बसून त्यांनी ती गाणी चार ट्रॅकच्या घरगुती यंत्रावर टेप केली. साध्या गिटारी, मधूनच हसणं. हातांनी ताल धरलेला. त्यांतली बरीच गाणी पुढे बीटल्सच्या 'व्हाइट अल्बम'वर आली, आणि त्याला पन्नास वर्षं झाली तेव्हा, २०१८ मध्ये, घरची २७ मुद्रणं प्रसिद्ध झाली. मोठ्या स्टुडिओत तीच गाणी किती बदलली आणि बदलताना काय हरवलं, ते शेजारी शेजारी ठेवून ऐकता येतं.

आपल्या माळ्यावर

मराठी घरांत टेपरेकॉर्डर आले ते मुख्यतः गाण्यासाठी. गिरगावात, दादरला, पुण्याच्या पेठांत, सांगली-मिरज-कोल्हापुरात रसिकांनी घरच्या बैठका टेप केल्या. गणपतीतले मेळे, गावातलं भजन, पोवाडे, मुलाच्या मुंजीत कोणी नवख्याने म्हटलेलं पद, सगळं त्यावर आहे. त्या नवख्यांपैकी काही पुढे मोठे झाले. त्यांच्या तबकड्या सर्वत्र मिळतात. पण गळा तयार होत असतानाचा, चुकत असतानाचा, गुरूने मध्येच थांबवून पुन्हा म्हणायला लावलेला त्यांचा आवाज कुठे मिळेल? या फिती भरणारे हात आज ऐंशी-नव्वदीचे आहेत. ते गेले की पेटीवरचं "ना. वा., गणपती, दुसरी बाजू" एवढं वाचून कोणालाच काही कळणार नाही. फितीही थांबणार नाहीत. ॲसिटेट आंबते, सत्तरी-ऐंशीच्या काही फितींचा चिकट थर यंत्राला लागून सुटतो. अशा फिती सुमारे ५० अंशांवर काही तास सावकाश तापवून मगच वाजवाव्या लागतात. ते काम जाणकाराचं, घरच्या ओव्हनचं मुळीच नाही.

म्हणून वाचकांना हात जोडून सांगणं आहे. माळ्यावर स्पूल किंवा जुन्या कॅसेटी असतील तर आधी पेटीवर काय लिहिलं आहे ते जसंच्या तसं वहीत उतरवा. घरातल्या थोरांना विचारा: कुठे टेप केलं, कोण गात होतं, तबल्याला कोण होतं, कोणतं साल. त्यांचं सांगणं मोबाइलवर मुद्रित करा, कारण तेही तितकंच मोलाचं आहे. फीत उन्हापासून, ओलीपासून आणि स्पीकरसारख्या चुंबक असलेल्या वस्तूंपासून दूर, उभी ठेवा. वर्षानुवर्षं बंद असलेल्या यंत्रावर लावून बघू नका, यंत्र ती खाऊन टाकेल. जाणकाराकडून आवाज उतरवून घ्या, आणि उतरवून झाल्यावर मूळ फीत टाकू नका. गायकाच्या घरच्यांना कळवा, त्यांना विचारल्याशिवाय कुठे चढवू नका. मुंबईच्या एनसीपीएसारख्या किंवा गुरुग्रामच्या अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीजच्या संगीत संग्रहालयासारख्या संस्थेकडे प्रत ठेवता येईल का, याची चौकशी करा.

टेपवर कोण आहे हे आज माहीत नसेल तरी चालेल. १९५७ साली वुल्टनमध्ये जॉन लेननलाही चर्चच्या परिसराबाहेर कोणी ओळखत नव्हतं. फीत ठेवण्याला फार जागा लागत नाही आणि फेकलेली फीत परत मिळत नाही. तेव्हा ती ठेवा.